तळं हिरवं कशानं झालं? (कुळागर, अठरा-शेहेचाळीस आणि तांबडी माती)

कुळागरातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव फोंडा तालुक्यात. घरामागच्या उतारावर कुळागर आहे. तीनशेच्या आसपास माडी (बाहेरच्यांसाठी: माडी म्हणजे सुपारी, माड म्हणजे नारळ), त्यावर मिरी, मध्ये केळी, जायफळाची पाच-सहा झाडं. कुळागर संपतं तिथे गावचं तळं. देवळाची तळी वेगळी, हे शेतीचं. साधारण दोन हजार चौरस मीटर, उन्हाळ्यात सरासरी दीड मीटर पाणी. खालची वायंगण (उन्हाळी भातशेती) याच पाण्यावर होते. मी पोहायला इथेच शिकलो. तळ दिसायचा अशी थाप मारणार नाही, पण कंबरभर पाण्यात स्वतःच्या पायाची बोटं दिसायची.

गेली तीन वर्षं मार्च उजाडला की पाणी हिरवं. यंदा एप्रिलमध्ये वर तवंग आला, कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखा. दुपारी कुबट वास, सकाळी काठाला बोटाएवढे मासे उलटे पडलेले. गुरं तोंड लावत नाहीत.

गावात तीन मतं आहेत. एक, वरच्या वाड्यावर भाड्याच्या खोल्या झाल्यात, त्यांच्या सेप्टिक टाक्या झिरपतात. दोन, बायका काठावर कपडे धुतात. (हे मत मांडणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःचे कपडे कधी धुतलेले नाहीत.) तीन, देवाला कौल लावूया.

मी पहिल्या मताचा. पंचायतीत अर्जसुद्धा टाकला. मग कुणी सांगितलं, आधी पाणी तपासून घे. तपासलं. एकूण फॉस्फरस ०.१२ मिलिग्रॅम प्रति लिटर आला. अहवाल देणारा मुलगा सहज म्हणाला, "वर बागायत आहे का कुणाची? खताचंही असू शकतं."

वर बागायत आमचीच आहे. पण आम्ही अंदाधुंद काही घालत नाही. बाबा दरवर्षी मेच्या शेवटी माडीला अर्धा किलो अठरा-शेहेचाळीस (म्हणजे डीएपी खत) देतात. पहिल्या पावसाच्या आधी, म्हणजे पावसाबरोबर मुरतं. शिवाय आमची माती लॅटराईट, ती स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) धरून ठेवते असं शाळेपासून ऐकलंय. धरून ठेवते तर तळ्यात जातो कसा?

---

मीठागर

पहिला प्रतिसाद माझा! कौल लावाच. लॅबपेक्षा स्वस्त पडेल.

---

डिचोलीकर

सुपारीच्या कोळे रोगासाठी बोर्डोची फवारणी करता ना? मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घरात असेलच. दोन-तीन किलो पोत्यात बांधून तळ्यातून ओढा. आठ दिवसांत शेवाळ खलास. आमच्या मामाने केलं होतं.

---

मातीवाली

डिचोलीकर बाब, कृपा करून नको. आणि कुळागरातला, तुम्ही तर अजिबात करू नका.

तुम्ही वर्णन केलाय तो रंगासारखा तवंग बहुधा नील-हरित शेवाळाचा आहे. त्याच्या काही जाती विष तयार करतात आणि ते पेशीच्या आत असतं. मोरचूद घातलं की पेशी फुटतात आणि आतलं सगळं एकदम पाण्यात येतं. पाणी हिरवं दिसत नाही म्हणून लोक गुरं सोडतात, आणि नेमकं तेव्हाच ते जास्त वाईट असतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं. त्यातून तांबं गाळात बसतं ते वेगळंच. मामांचं तळं पुढच्या वर्षी परत हिरवं झालं का, विचारून सांगा.

हे विष थट्टेचं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. उकळूनही नको, कारण उकळून ते जात नाही. चारेक लाख लोक, दोन-तीन दिवस. पाणी ईरी सरोवरातलं, आणि सरोवरात फॉस्फरस मुख्यतः वरच्या शेतांतून आलेला.

मी माती परीक्षणाच्या कामात आहे, पाण्याच्या नाही. पण तुमचा प्रश्न मातीचाच आहे. मृदा आरोग्य पत्रिका असेल तर सामू (पीएच) आणि स्फुरदाचा आकडा टाका. रात्री सविस्तर लिहिते.

---

डिचोलीकर

मामांना फोन केला. झालं होतं परत. प्रतिसाद मागे.

---

कुळागरातला

पत्रिका सापडली, माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) सामानाखाली होती. सामू ५.१. स्फुरद हेक्टरी ६१ किलो, पुढे "उच्च" असा शिक्का. बाबांनी कधी वाचलीच नव्हती. मीही नाही.

---

मातीवाली

६१! साधारण पंचविसाच्या वर गेलं की आम्ही "उच्च" लिहितो.

आता तुमचा प्रश्न. तांबडी माती स्फुरद धरते हे खरं. सड्यावरच्या जांभ्याचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा असतो, त्यात ॲल्युमिनियमही असतं, आणि आम्लधर्मी मातीत ही दोघं फॉस्फेटला गच्च मिठी मारतात. म्हणून आपल्याकडचे जुने बागायतदार म्हणतात, स्फुरद कितीही घाला, झाडाला दिसत नाही. झाडाला दिसत नाही म्हणून आणखी घालायचं. गडबड इथे सुरू होते.

मातीचा प्रत्येक कण म्हणजे खुंट्यांची भिंत समजा. रिकाम्या खुंट्या असतात तोवर घातलेला स्फुरद अडकतो. वीस-तीस वर्षं त्याच चार बोटं जाडीच्या वरच्या थरात ओतत राहिलात की खुंट्या भरत येतात. मग दोन गोष्टी होतात. थोडा स्फुरद मोकळाच पाण्याबरोबर निघतो. आणि धरलेला स्फुरदही जागेवर राहतो असं नाही, कारण ज्या कणाने धरलाय तो कणच पावसात वाहून जातो. जूनच्या पहिल्या सरींना तुमच्या पाटातून जे तांबडं पाणी येतं ना, ते नुसतं पाणी नसतं.

नत्राचं वेगळं असतं. तो थोडाफार हवेत निसटतो. स्फुरदाला हवेची वाट नाही. तो एक तर पिकातून बाहेर जातो, नाही तर मातीत राहतो, नाही तर उताराने खाली जातो. तुमच्या उताराच्या खाली काय आहे ते तुम्हीच लिहिलंय.

---

ऊसवाला_सांगली

झालं, आला परत शेतकऱ्यावर दोष. शहरांचं सांडपाणी नद्यांत सोडायचं आणि बोट दाखवायचं डीएपीच्या पोत्याकडे. आमच्या शेजारी कोल्हापुरात रंकाळा हिरवा झाला तो काय डीएपीने? ड्रेनेजने झाला. यांच्या वाड्यावर भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांना सोडून कुळागराची चौकशी कशाला?

---

आकडेमोड

कुणालाच सोडायचं नाही. हिशोब करू.

आधी एक घोळ निस्तरतो, यात भलेभले फसतात. अठरा-शेहेचाळीसमधले शेहेचाळीस टक्के फॉस्फरस नसतात, फॉस्फरस पेंटॉक्साइड असतात. खतांच्या दुनियेत "स्फुरद" म्हणून तोच मोजतात. शुद्ध फॉस्फरस हवा तर ०.४४ ने गुणायचं. म्हणजे डीएपीत वीस टक्के फॉस्फरस. पन्नास किलोच्या पोत्यात दहा किलो.

तळं: २००० चौ.मी. गुणिले दीड मीटर = ३००० घनमीटर = ३० लाख लिटर. लिटरला ०.१२ मिलिग्रॅम म्हणजे अख्ख्या तळ्याच्या पाण्यात मिळून ३६० ग्रॅम फॉस्फरस. तो किती डीएपीत असतो? एक किलो आठशे ग्रॅममध्ये.

म्हणजे साडेतीन माडींची खुराक. तीनशेपैकी.

आणि तळं हिरवं व्हायला ३६० ग्रॅमही लागत नाहीत. लिटरला ०.०३ च्या आसपास गेलं की गोड्या पाण्याचं तळं बिघडायला लागतं. ते या तळ्यासाठी ९० ग्रॅम. एका माडीला बाबा जे घालतात त्यात १०० ग्रॅम फॉस्फरस आहे.

आता खोल्या. माणूस दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो, बराचसा लघवीतून. वीस भाडेकरू धरले तर दिवसाला ३० ग्रॅम, वर्षाला अकरा किलो. कुळागरात वर्षाला तीन पोती, म्हणजे तीस किलो. दोन्हीतलं सगळं तळ्यात पोचत नाही, पण पोचायला सगळं लागतही नाही. उसवाले दादा, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे.

---

मातीवाली

अर्धा किलो माडीला?? मी कालच्या घाईत हे वाचलंच नव्हतं. सुपारीची शिफारस झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश (पोटॅश) अशी आहे. ४० ग्रॅम स्फुरद म्हणजे ८७ ग्रॅम डीएपी. तुम्ही जवळजवळ सहापट घालताय, आणि पालाश बहुतेक घालतच नाही. सुपारीला सगळ्यात जास्त लागतो तो पालाश.

तीनशे माडींना अर्धं पोतं पुरलं असतं. तेही पत्रिकेत "कमी" असतं तर.

---

कुळागरातला

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "अर्धा किलो मी नाही ठरवला. दुकानदाराने सांगितलं, माडीला अर्धा शेर." मग थोड्या वेळाने, "आजो घालायचे ते तळ्यातला गाळ." एवढं बोलून पाटावर गेले.

---

खाजनवाला

आजोबांचं वाक्य धरून ठेवा, त्यावर येतो.

मी तिसवाडीतला, आमची खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं). मोरड (उंचावरचं शेत), खेर (मधलं), खाजन या तिन्हींत भात करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते: तीच तांबडी माती मोरडात स्फुरदासाठी रडवते आणि पाण्याखाली गेली की स्वतःहून देते. चिखलणी करून शेतात पाणी ठेवलं की चार दिवसांत चिखल आतून करडा-काळा होतो. प्राणवायू संपला की गंज विरघळतो आणि गंजाने धरलेला स्फुरद सुटतो. म्हणून भाताला वरून कमी घातला तरी चालतं.

तळ्याच्या तळाशीही तेच होत असणार ना? मातीवाली ताई, चुकत असेन तर सांगा.

---

मातीवाली

चुकत नाही आहात. मी ज्या गोष्टीकडे येत होते तीच तुम्ही शेतातून सांगितलीत.

कुळागरात हवा लागलेली माती कुलूप लावून ठेवते. तोच कण वाहत तळ्यात गेला, तळाशी बसला, वर पालापाचोळा कुजला, उन्हाळ्यात पाणी तापून स्थिर झालं, की तळाशी प्राणवायू उरत नाही. कुलूप उघडतं. ज्या मातीने माडीला स्फुरद दिला नाही ती शेवाळाला देते. म्हणून पाणी जूनमध्ये हिरवं होत नाही, मार्च-एप्रिलमध्ये होतं. पाऊस आणून टाकतो, उन्हाळा वसूल करतो.

---

खाण_बंद

अवांतर: मग आमच्याकडचा खनिजाचा गाळ आणून तळ्यात घाला की! सगळा लोखंडाचाच. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून कुणी विचारत नाही त्याला, निदान या कामाला येईल. 😄

---

मातीवाली

हसू नका, तत्त्वात दम आहे. परदेशात सरोवरांत ॲल्युमिनियमचे क्षार घालून फॉस्फरस बांधतात. ॲल्युमिनियम एवढ्याचसाठी की प्राणवायू संपला तरी ते सोडत नाही. लोखंड सोडतं. आणि तुमचा गाळ तळं भरून टाकेल आणि खालच्या वायंगणीवर थर बसवेल, ते डिचोली-सत्तरीतल्या लोकांनी भोगून झालंय.

---

पावशेर_विज्ञान

धागा मस्त चाललाय, वाचनखूण साठवली. माझी भर:

फॉस्फरस सापडला तोच मुळी लघवीत. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने सोनं मिळेल म्हणून बादल्याच्या बादल्या लघवी आटवली. सोनं नाही, अंधारात चमकणारा पांढरा पदार्थ मिळाला. आपल्या "स्फुरद"मध्येही ते चमकणं आहेच.

दुसरं, तळं फॉस्फरसनेच बिघडतं का नत्र-कार्बनने, यावर पूर्वी मोठा वाद होता. साबण कंपन्यांना फॉस्फरस नको होता, म्हणजे आरोपी म्हणून नको होता. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलरच्या गटाने डमरूसारख्या आकाराचं एक तळं घेतलं, मधल्या अरुंद भागात प्लास्टिकचा पडदा टाकला. एका बाजूला कार्बन आणि नत्र, दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि फॉस्फरस. विमानातून काढलेल्या फोटोत एक अर्धं काळंभोर आणि दुसरं मटारच्या आमटीसारखं. वाद बराचसा तिथेच मिटला. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटवर बंदी आणली. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही, त्यामुळे तळ्यावरच्या बायका अगदीच निर्दोष नसतील, पण त्यांचा नंबर तिसरा.

---

साळकाठी

मी सासष्टीचा. वर्ण्याच्या बाजूला उगम, बेतुलला समुद्र, एवढीशी आमची साळ नदी. पावसाळ्यानंतर पुलावरून बघा, काही ठिकाणी जलपर्णीची हिरवी सतरंजी. आमच्याकडे कुळागरं फारशी नाहीत. आमच्याकडे मैल्याचे टँकर आहेत. रात्री दोनला शेताच्या कडेला थांबतात, नळी सोडतात, निघून जातात. कोणाचे ते सगळ्यांना माहीत आहे, पण सकाळी कोणालाच माहीत नसतं.

केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात गोव्याचे ११. एवढ्याशा राज्याचे. आणि ती यादी बीओडीवर (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) केलेली, फॉस्फरसचं त्यात नाव नाही. सांडपाणी प्रकल्पांसाठी २०१७ ची केंद्राची अधिसूचना निघाली त्यातही सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ, विष्ठेतले जिवाणू, एवढंच. प्रकल्प त्या नियमाप्रमाणे चोख चालला तरी फॉस्फरस नदीत जाऊ शकतो आणि कागद स्वच्छ राहतो. म्हणून सांगतो, कुळागरवाल्यांनी सगळं डोक्यावर घेऊ नये.

---

ऊसवाला_सांगली

+१. हेच म्हणत होतो.

---

कुळागरातला

+१ पण माझ्या तळ्याच्या वर माझं कुळागर आहे, साळ नाही.

---

काचेतले_मासे

मी म्हापशाचा, घरात चार मत्स्यटाक्या. फॉस्फेट तपासायची किट मिळते, थेंब घालायचे, निळा रंग येतो, सोबतच्या रंगांच्या पत्त्यावर जुळवून बघायचा. प्रयोगशाळेचा बारकावा नाही, पण ढोबळ कळतं. माझ्याकडे अर्धी पडून आहे, शनिवारी फोंड्याला येतोय, घेऊन येऊ का? (एक लक्षात ठेवा, किटवरचा आकडा फॉस्फेटचा असतो. फॉस्फरस हवा तर तीनने भागा.)

---

मातीवाली

घ्या. आणि एक खेळ करून बघा. तळाचा काळा गाळ दोन बरण्यांत घ्या, वर तळ्याचंच पाणी. एकीत मत्स्यटाकीचा हवेचा पंप सोडा. दुसरी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. दहा-बारा दिवसांनी दोन्ही तपासा. बंद बरणी उघडल्यावर लगेच. हवा लागली की विरघळलेलं लोखंड परत गंजतं आणि स्फुरद पकडून खाली बसतं. चहा पिऊन आलात तर पुरावा गेला.

---

कुळागरातला

प्रयोग झाला. जसं झालं तसं लिहितो.

बरण्या आईच्या, लोणच्याच्या. (तिला आधी सांगितलं नव्हतं. नंतर सांगावं लागलं.) गाळ मी आणि काचेतले_मासे यांनी मिळून काढला, गुडघाभर चिखलात उभं राहून. वरचं बोटभर करडं, त्याखाली काजळासारखं काळं. हात घातला तर कुजक्या अंड्याचा वास, तो दोन दिवस गेला नाही. त्या काळ्यात अख्खं सुपारीचं सोललेलं साल सापडलं, न कुजता तसंच.

बारा दिवस बंद बरणी मिठाच्या पेटीमागे होती. पाणी नितळ झालं होतं, उघड्या बरणीपेक्षाही नितळ, म्हणून मला वाटलं फसलं. झाकण काढलं, लगेच सिरिंजने पाणी ओढलं, थेंब घातले. उघड्या बरणीचा रंग आकाशी, पत्त्यावर ०.२५ च्या जवळ. बंद बरणीचा शाईसारखा. पत्ता २ वर संपतो, हा त्याच्याही पलीकडे.

बंद बरणी मग तशीच ओट्यावर उघडी ठेवली. संध्याकाळपर्यंत पाण्यावर गंजाचा पातळ पापुद्रा धरला आणि खाली तांबूस धूळ बसली. परत तपासलं, रंग निम्म्याहून खाली.

बाबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत, पण निळी नळी उजेडात धरून बराच वेळ बघत होते.

पंचायतीतला अर्ज मी मागे घेतलेला नाही. खोल्यांच्या टाक्या बघायला हव्यातच. पण त्यात एक ओळ वाढवली, की वरच्या अंगाच्या बागायतीतूनही खत येतं. सचिवांनी विचारलं, कुणाच्या? मी म्हटलं, आमच्या.

---

मीठागर

दंडवत घ्या. कौल उजवा.

---

खाजनवाला

आता आजोबांचं वाक्य. गाळ काढून माडी-माडांच्या मुळांत घालायचे, म्हणजे उताराने गेलेला स्फुरद डोक्यावरून परत वर आणायचे. पोत्यातलं स्वस्त झालं तेव्हा गाळ वाहणं महाग झालं. आता तळी उपसतात तेव्हासुद्धा गाळ काठावरच टाकतात आणि पहिल्या पावसात तो परत आत. जलपर्णीचंही तसंच, काढून काठावर ढीग. फोटो काढून होतो, बाकी काही होत नाही.

---

आकडेमोड

आणि पोत्यातलं स्वस्त का? ₹१३५० ला मिळतं कारण वरचे पैसे सरकार भरतं. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या साठ्यांपैकी साधारण सत्तर टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. तिथला दगड फोडायचा, आम्लात विरघळवायचा, जहाजाने आणायचा, फोंड्याच्या उतारावर टाकायचा आणि तळ्यातून शेवाळ काढायला परत माणसं लावायची.

---

कुळागरातला

बरं, आता करायचं काय? बाबा मेमध्ये पोती आणून बसलेत. तीन.

---

मातीवाली

न उघडता ठेवा.

पत्रिका "उच्च" आहे, तर दोन-तीन वर्षं स्फुरद बंद, मग परत तपासा. झाडं उपाशी मरणार नाहीत, मातीत भरपूर साठलाय. तो झाडाला दिसावा म्हणून सामू वर आणा: चुना किंवा डोलोमाइट, हळूहळू, एकदम नको. ५.१ चा साडेपाच-सहाकडे सरकला तरी फरक पडेल. नत्र-पालाश द्या, पण मेअखेर नाही. एक हप्ता पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरात, आळ्यात, मातीआड करून. बुंध्याशी झावळ आणि पातेरा राहू द्या, उघडी तांबडी जमीन पावसाला दाखवू नका. आणि पाट जिथे तळ्यात शिरतो तिथे एक खड्डा, दोन मीटर बाय दोन मीटरचा तरी. पाणी तिथे क्षणभर थांबलं की जड माती खाली बसेल. दर ऑक्टोबरात तो गाळ उपसून वर, माडींना. काठाला वाळा लावा.

तळं मात्र पुढच्या मार्चमध्येही हिरवं होईल. त्याच्या पुढच्याही कदाचित. तळाशी जे बसलंय ते तुमच्या बरणीत तुम्ही पाहिलंत. घाबरून परत मोरचूदाकडे वळू नका.

---

ऊसवाला_सांगली

ताई, आमच्याकडे काळी माती आहे, सामू आठच्या वर. आमचंही असंच का?

---

मातीवाली

तुमच्याकडे लोखंडाऐवजी कॅल्शियम धरतं, आणि तपासणीची पद्धतही वेगळी. आम्लधर्मी मातीला ब्रे, तुमच्या मातीला ऑल्सेन. वेगळा धागा काढा, इथे गुंतागुंत होईल. पण पत्रिका आधी वाचा. माटोळीच्या सामानाखाली बघा.

---

ऊसवाला_सांगली

आमच्यात माटोळी नसते हो. ट्रॅक्टरच्या कागदांत असेल.

---

कुळागरातला

ताजी खबर. खड्डा खणून झाला, परवाच्या सरीत पहिल्यांदा भरला. वरून तांबडं पाणी येतं आणि दुसऱ्या टोकाने चहाच्या रंगाचं बाहेर पडतं. नितळ नाही, पण फरक दिसतो. बाबा छत्री घेऊन तिथेच उभे असतात, पाणी कसं वळतंय ते बघत. आज त्यांनी स्वतःहून एक दगड हलवला.

तीन पोत्यांपैकी दोन दुकानदाराने परत घेतली. तिसरं आधीच फोडलेलं होतं, ते शेजारचे काका मागतायत. चांगला भाव देतायत.

त्यांचं कुळागर आमच्या वरच्या अंगाला आहे, पाट एकच. अजून हो-नाही काही सांगितलेलं नाही.

---

मीठागर

सांगा त्यांना, आईकडे अजून दोन बरण्या आहेत.